‘मॅडम, दातांसाठी वेगळा विमा घ्यायलाच हवा ना?’

फौजेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसांकडून हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. पुण्यातला विश्रांतवाडी, धानोरी, कळस, दिघी हा सगळा पट्टा माजी सैनिकांच्या घरांनी भरलेला आहे आणि शनिवारी सकाळी मी त्यांच्या कुटुंबांसाठी बसते. माझं काम समुपदेशनाचं, विमा विकण्याचं नाही. पण निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात माणसाची भीती बहुतेक वेळा एखाद्या कागदात जाऊन बसलेली असते, म्हणून मी कागदही नीट वाचते.

आज एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. दोघांना विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

साहेब नायब सुभेदार म्हणून २८ वर्षांच्या नोकरीनंतर बाहेर पडले. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, आता धानोरीत स्वतःचा फ्लॅट. फौजी माणसाची फाइल लांबूनही ओळखू येते. प्रत्येक कागदाला पंच, हिरवा टॅग, सगळ्यात वर हाताने लिहिलेली अनुक्रमणिका. पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची कागदपत्रं आणि शेवटी अनुक्रमांक १४ वर एक नवी कोरी विमा पॉलिसी. ‘डेंटल कव्हर आहे यात,’ साहेब म्हणाले. ‘एवढं फक्त बरोबर आहे का बघा.’

वहिनी शेजारी बसल्या होत्या. बोलताना पदर ओठांवर. चहा आला तेव्हा त्यांनी बिस्कीट बुडवलं, पार विरघळायच्या बेताला येईपर्यंत थांबल्या आणि मग जिभेने उजव्या बाजूला ढकललं. डाव्या बाजूने त्या काहीच चावत नव्हत्या. पॉलिसी बाजूला ठेवून मी आधी ते पाहत राहिले.

मग वाचायला घेतली. दोघांचा मिळून वर्षाचा हप्ता २६,८०० रुपये. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, ‘आता घेतला नाही तर कधी घेणार’, असं त्यांना फोनवर सांगितलं गेलं होतं. मूळ पॉलिसीत दातांबद्दल एकच वाक्य होतं: अपघातात इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तरच दातांचा खर्च मिळेल. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यांत दातांची गोष्ट इथेच संपते. ज्याला साहेब डेंटल कव्हर म्हणत होते ते वर जोडलेलं ओपीडीचं रायडर होतं, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांसाठी वेगळा हप्ता भरून घेतलेली जोड. त्याचा हप्ता ६,९०० रुपये आणि दोघांना मिळून वर्षाची मर्यादा ७,५०० रुपये. त्यात दाढ काढणं, एक्स-रे आणि तपासणी बसत होती. दात साफ करणं, कॅप, कवळी आणि इम्प्लांट यांतलं काहीच बसत नव्हतं. रूट कॅनालचे निम्मेच पैसे.

साहेबांनी फाइलच्या कोपऱ्यावर पेन्सिलने वजाबाकी केली. ६००. एवढंच म्हणाले, ‘सहाशे रुपयांसाठी?’

मी त्यांना विचारलं, ही पॉलिसी नेमकी कोणत्या दिवशी घेतली? त्यांना तारीख पाठ होती. त्या दिवशी सकाळी ते वहिनींना एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले होते. दोन रूट कॅनाल, दोन कॅप, एक इम्प्लांट, हिरड्यांचे उपचार असा ७४,००० रुपयांचा कागद हातात मिळाला. संध्याकाळी विम्याचा फोन आला आणि त्यांनी हो म्हटलं. ‘नोकरीत असताना दाढ दुखली की युनिटचा दवाखाना, म्हणजे एमआय रूम, तिथून डेंटल सेंटर. पैसे कधी विचारलेच नाहीत कुणी. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, मी आता सिव्हिल आहे.’

हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलं आहे, आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये असं मला वाटतं. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाच्या डोक्यावर छप्पर, ताटात जेवण आणि दुखण्याला औषध ठरलेलं होतं, त्याला पहिल्या बिलाने आपण उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. अशा वेळी विमा म्हणजे कुणीतरी परत छप्पर घालतंय असं वाटतं. पॉलिसी पटकन घेतली जाते ती या पोकळीमुळे. माणूस हिशेबात कच्चा असतो म्हणून नव्हे.

पण साहेबांच्या डोक्यावर छप्पर होतंच. २००३ साली सुरू झालेली ईसीएचएस योजना त्यांना लागू होती. निवृत्त होताना त्यांच्या श्रेणीप्रमाणे ६७,००० रुपयांची एकरकमी वर्गणी कापून झाली होती. या योजनेत वयाची अट नाही, आधीचे आजार वगळलेले नाहीत, प्रतीक्षा काळ नाही, उपचाराच्या एकूण खर्चाला कमाल मर्यादाही नाही. योजनेच्या स्वतःच्या दवाखान्यांत, म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये, दंतवैद्यक अधिकारी असतात, आणि तिथे जे होत नाही त्यासाठी योजनेशी जोडलेल्या दवाखान्याकडे रेफरल मिळतं. नियम एकच आणि तो नीट लक्षात ठेवायचा: आधी पॉलिक्लिनिक, मग रेफरल, मग उपचार. परस्पर बाहेर उपचार घेऊन बिल पाठवलं तर पैसे मिळत नाहीत. जिवावरचा प्रसंग असेल तर कोणत्याही रुग्णालयात जाता येतं, पण ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं.

हे साहेबांना माहीत नव्हतं असं नाही. वहिनींचं कार्डसुद्धा तयार होतं. मग तिकडे का गेला नाहीत?

साहेब म्हणाले, ‘एकदा गेलो होतो. लाइनीत उभा राहिलो. कालपर्यंत मी लाइन लावत होतो हो.’ आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिले.

वहिनी एवढा वेळ गप्प होत्या. मी प्रस्ताव अर्जाची प्रत वाचत होते. तंबाखूचं सेवन कोणत्याही स्वरूपात? समोर ‘नाही’. अर्ज फोनवर भरला गेला होता, साहेबांनी फक्त ओटीपी सांगितला होता. मी तो प्रश्न मोठ्याने वाचला आणि वहिनींकडे पाहिलं.

‘मशेरी लावते मी,’ त्या म्हणाल्या. ‘सोळाव्या वर्षापासून.’

साहेबांना लग्नाआधीची सवय ठाऊक होती, पण ती केव्हाच सुटली असं ते धरून चालले होते. ते सुट्टीवर आले की वहिनी पहाटे, सगळे उठायच्या आत, न्हाणीघरात जाऊन लावायच्या. क्वार्टरमध्ये राहिल्या तेव्हाही तसंच. मिलिटरीच्या दंतवैद्याकडे त्या कधी गेल्याच नाहीत, कारण तोंड उघडलं की कळणार. हिरड्या सुटल्या, दाढा हलायला लागल्या, तरी पदर घट्ट धरून राहिल्या. खासगी दवाखान्यात मात्र आपल्याला कुणी ओळखत नाही म्हणून तयार झाल्या.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग साहेब एवढंच म्हणाले, ‘मला सांगायचं होतंस गं.’ आवाजात राग नव्हता. मीही मध्ये बोलले नाही.

भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड आपल्या गावांत पिढ्यान्पिढ्या दात घासायला वापरली गेली. बाईला तिची तलफ लागते, पण व्यसन म्हणून तिची कुणी विचारपूस करत नाही. वहिनींच्या शरमेला एवढी वर्षं कुणी हात लावला नव्हता. ती शरम दूर झाल्याशिवाय कोणताही विमा त्यांच्या दातापर्यंत पोहोचणार नव्हता, हे मला त्या खोलीत स्पष्ट दिसलं.

कागदाचं काम त्यानंतर सोपं होतं. अर्जात तंबाखूबद्दल खोटं लिहिलेलं असणं म्हणजे पुढे दावा नाकारायला कंपनीच्या हातात कारण देणं. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षणही उरत नाही. आधीच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. पॉलिसी हातात येऊन मात्र १७ दिवसच झाले होते, आणि पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांचं जोखमीचं शुल्क, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकीचे पैसे परत मिळतात. मी दोन वाटा सांगितल्या: खरी माहिती कळवून, रायडर काढून पॉलिसी ठेवायची, नाहीतर परत करायची. सोमवारी साहेबांनी ती परत केली. निर्णय त्यांचा होता, मला तो योग्य वाटला.

इथे माझं मत स्पष्ट लिहिते. दात एका रात्रीत किडत नाही. तपासणी झाली की पुढच्या दोन-तीन वर्षांत काय काय करावं लागणार हे डॉक्टर बरंचसं आधी सांगू शकतात. जो खर्च दिसतो आहे, त्यासाठी विम्यापेक्षा बाजूला ठेवलेले पैसे बरे. जबड्याला अपघात झाला, तोंडाचा कर्करोग निघाला, तर तो रुग्णालयाचा खर्च असतो आणि त्यासाठी ईसीएचएस किंवा चांगला आरोग्य विमा हवाच. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ संपतो. साहेबांनी पोस्टात दरमहा ६०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली, वर्षाला जवळपास रायडरच्या हप्त्याइतकीच. योजनेत न बसणारं काही करावंसं वाटलं तर ते त्यातून करायचं.

अर्थात सगळ्यांचं गणित असं नसतं. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना ईसीएचएस नाही. त्यांनी बाहेर पडल्याबरोबर स्वतःचा आरोग्य विमा घ्यावा, वय लहान असताना हप्ताही कमी बसतो. मुलगा कमावता झाला किंवा २५ वर्षांचा झाला की तोही कार्डावरून उतरतो, त्याची वेगळी सोय पाहावी. दातांचं रायडर कुणी देऊ केलं तर हप्ता आणि मर्यादा एका ओळीत लिहून बघावं, साहेबांनी केली तशी वजाबाकी करावी. आणि ज्यांची निवृत्ती अजून सहा महिने लांब आहे त्यांना माझी कळकळीची विनंती: बाहेर पडण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत दातांचाही रकाना असतो, तो नुसता भरून घेऊ नका. भरायच्या दाढा तेव्हाच भरून घ्या, बायकोलाही सोबत न्या.

वहिनी पुढच्याच आठवड्यात पॉलिक्लिनिकमध्ये गेल्या. मी त्यांना एकच वाक्य तयार करून दिलं होतं: ‘डॉक्टर, मी मशेरी लावते, आधी तोंड नीट तपासा.’ ते त्यांनी माझ्यासमोर चार वेळा म्हणून पाहिलं, चौथ्यांदा पदर न धरता. तपासणीत गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरट चट्टा निघाला, पुसून न जाणारा. रेफरल मिळालं, तुकडा काढून तपासायला गेला. अहवाल येईपर्यंतचे नऊ दिवस दोघांनी कसे काढले हे त्यांनाच माहीत. साहेब रोज सकाळी फोन करायचे आणि हवापाण्याचं काहीबाही बोलून ठेवून द्यायचे. कर्करोग नव्हता. पण मशेरी पूर्ण बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, असं डॉक्टरांनी बजावलं.

सवय सुटायला वेळ लागतो आहे. पहिल्या पंधरवड्यात दोनदा मोडली, दोन्ही वेळा वहिनींनी स्वतःहून सांगितलं. तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. पहाटेची ती वेळ रिकामी जाऊ नये म्हणून साहेब त्यांना घेऊन फिरायला निघतात.

हिरड्यांची सफाई झाली, दोन दाढा भरल्या, न वाचणारी एक काढली. कवळीचं माप अजून घ्यायचं आहे. रांगेत साहेबांना त्यांच्याच युनिटमधला एक हवालदार भेटला, तोही बायकोला घेऊन आलेला, आणि दोघं आत नंबर येईपर्यंत बोलत बसले. फाइलच्या अनुक्रमणिकेत अनुक्रमांक १४ खोडलेला आहे. तिथे आता वहिनींच्या पुढच्या तपासणीची तारीख लिहिली आहे.