रग्बीत बॅकलाइनकडे चेंडू येतो, तरी चढाईची संधी का तयार होत नाही?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही विंगर (बॅकलाइनच्या, म्हणजे मागे आडव्या पसरलेल्या धावणाऱ्यांच्या रांगेच्या, टोकांचे खेळाडू) सुसाट पळणारे आहेत, पासिंगचा सरावही वाढवलात, तरी विंगरच्या हातात चेंडू पडतो तेव्हा समोर दोघं उभे असतात आणि बाजूला टचलाइन, मैदानाची कडेची रेषा. मी इकडे फोंड्याला आतला सेंटर म्हणून खेळलो, आता मुलांना शिकवतो. हे दुखणं ओळखीचं आहे. माझ्या मते दोष मुलांच्या हातांत नाही, पायांत आहे. तेही विंगरच्या नव्हे, त्याच्या आधीच्या तिघांच्या.

फ्लाय-हाफ, म्हणजे बॅकलाइनमध्ये चेंडू पहिल्यांदा घेणारा, चेंडू घेतो आणि तिरका पळतो, कारण समोर माणूस दिसतो आणि बाजूला मोकळं दिसतं. मग त्याच्या शेजारच्या आतल्या सेंटरला स्वतःची जागा राखायला तिरकं सुटावं लागतं, बाहेरच्या सेंटरलाही तेच. तीन पास होईपर्यंत तुमच्याच माणसांनी विंगरची सगळी जागा खाल्लेली असते. बचाव करणाऱ्यांचं काम त्यामुळे फार सोपं होतं. तिरकं पळणाऱ्याला टॅकल करायची, म्हणजे पकडून पाडायची, गरजच नसते. त्याला आतल्या साथीदाराच्या हवाली करायचं आणि आपण एक माणूस बाहेर सरकायचं. मैदान रुंदीला 70 मीटर आणि पहिल्या फळीत 12 जण धरले, तर एकेकाच्या वाट्याला सहा मीटरही येत नाहीत. एवढं अंतर सरकत सरकत कोणीही झाकतो.

सरळ पळणारा मात्र समोरच्याला जागेवर खिळवतो. त्याच्या आतल्या खांद्यावर चाल केली की त्याला थांबावंच लागतं, आणि तो थांबला तरच बाहेर एक माणूस मोकळा होतो. पास त्यानंतर. एक हात आधी दिला तर बचावपटू पुन्हा मोकळा, एक हात उशिरा दिला तर टॅकल अंगावर. खरं कौशल्य या क्षणात आहे. लांब, गिरकी घेणारे पास दिसायला देखणे असतात, पण चेंडू हवेत असतो तेवढा वेळ आपण समोरच्या फळीला सरकायला फुकट देतो.

ही सवय येते कुठून? माझ्याकडे येणारी बहुतेक पोरं फुटबॉलमधून येतात. गोव्यात दुसरीकडून येणार तरी कुठून. मोकळी जागा दिसली की तिकडे धावायचं हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. वर आपल्या देशात बघायला मिळतं ते बहुतांशी सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी. 2016 च्या रिओ ऑलिंपिकपासून तोच प्रकार तिथे आहे, आणि 2025 मध्ये मुंबईत सुरू झालेली रग्बी प्रीमियर लीगही सेव्हन्सचीच. तेवढ्याच मैदानावर सात जण असल्यावर आडवं पळून बचाव ताणणं अगदी बरोबर. पंधरा जणांच्या खेळात तेच अंगाशी येतं.

आता फॉरवर्ड्सकडे, म्हणजे झुंजून चेंडू मिळवून देणाऱ्यांकडे वळतो, कारण सगळं खापर बॅकलाइनवर फोडणं अन्यायाचं आहे. रकमधून, म्हणजे टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूभोवती जमलेल्या झटापटीतून, चेंडू तीन सेकंदांत बाहेर आला तर समोरचे अजून मागे हटत असतात. त्यांना रकमधल्या आपल्या शेवटच्या माणसाच्या पायामागे जावंच लागतं, नाहीतर ऑफसाइड. तोच चेंडू सहाव्या सेकंदाला आला तर त्यांनी माणसं मोजून, श्वास घेऊन, तुमच्या फ्लाय-हाफकडे बोट दाखवून ठेवलेलं असतं. त्यानंतर तुम्ही कितीही डमी, म्हणजे फसव्या चाली, रचा. तुमचा स्क्रम-हाफ चेंडू उचलून दोन पावलं टाकून मगच पास देतो का, तेही बघा. ती दोन पावलं म्हणजे समोरच्या फळीला दिलेली भेट.

लाइनआउटमध्ये, म्हणजे टचलाइनबाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये फेकतात तेव्हा, आपले हौशी संघ सोन्यासारखी संधी घालवतात. त्यात भाग न घेणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी 10 मीटर मागे राहावं लागतं, म्हणजे दोन बॅकलाइनींमध्ये 20 मीटर रिकामे. सामन्यात एवढी जागा पुन्हा सहसा मिळत नाही. पण फेक चुकेल या भीतीने चेंडू पहिल्याच उडी मारणाऱ्याकडे टाकला जातो. तिथून तो फ्लाय-हाफपर्यंत यायला वेळ लागतो आणि रांगेच्या शेपटीचा त्यांचा फॉरवर्ड तोवर अंगावर आलेला असतो. शेपटीकडची फेक पक्की होईपर्यंत पहिल्या चालीतून ट्रायची, म्हणजे चेंडू त्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याची, आशा धरू नका.

आणि किक. गोव्यातल्या संघाने किक वापरू नये याचं मला फार नवल वाटतं. फुटबॉल खेळून आलेल्या मुलांच्या पायाला वजन आणि दिशा दोन्ही असते, पण रग्बीत आली की जणू पाय बांधूनच खेळतात. तुमचा फ्लाय-हाफ कधीच किक मारत नाही हे कळलं की समोरचे विंगर पुढच्या फळीत येऊन उभे राहतात, सर्वांत मागचा फुलबॅकही चार पावलं पुढे. मग फळी 12 ची नाही, 14 ची होते. 50:22 चा नियम 2021 मध्ये प्रायोगिक म्हणून आला आणि पुढे कायम झाला, तो याचसाठी: स्वतःच्या अर्ध्यातून मारलेला चेंडू मैदानात टप्पा घेऊन त्यांच्या गोलरेषेजवळच्या 22 मीटरच्या पट्ट्यात टचलाइनबाहेर गेला, तर लाइनआउटची फेक तुम्हालाच. या धाकाने त्यांना मागे माणसं ठेवावी लागतात. सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांत विंगरच्या पाठीमागे एक-दोन किक पडल्या की विंगर आपोआप मागे सरकतो, आणि तुम्हाला हवी असलेली जागा तिथेच असते.

थोडं मनाला लावून घेणंही कमी करा. 2023 च्या विश्वचषकाची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेने 12-11 अशी जिंकली, त्यात अख्ख्या सामन्यात एकच ट्राय झाला, आणि तोही हरलेल्या न्यूझीलंडचा. नीट रचलेला बचाव फोडणं जगात कोणालाच सोपं नाही.

तपासायचं कसं? साइडलाइनवरून चित्रीकरण करू नका, त्यात काहीच कळत नाही. गोलपोस्टच्या मागे, शक्यतो एखाद्या भिंतीवर किंवा गच्चीवर मोबाइल लावा. चेंडूकडे बघू नका; समोरच्या बचावपटूची पावलं बघा. ती टचलाइनकडे वळलेली दिसली तर तुमचा माणूस त्याला खिळवत नाहीये.

सरावासाठी 15 मीटरच्या पट्ट्यात तिघं विरुद्ध दोघं एवढंच पुरे. प्रत्येकाची गल्ली शंकूंनी आखा आणि गल्ली सोडली की चेंडू समोरच्यांना. पहिले काही दिवस मुलं वैतागतील, वैतागू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये लाल चिखलात चेंडू साबणासारखा निसटतो, तेव्हा लांब पास पूर्ण बंद करून हाच खेळ दहा मीटरांत घ्या. आणि फुटबॉलवाल्यांनी उरलेलं अर्धंच मैदान दिलं तरी कुरकुर नको, या सरावाला तेवढं भरपूर आहे.