पिस्तुलाचे पार्ट बदलायचे की नाही ते नंतर, आधी ती पॉलिसी बघा

नमस्कार दादा. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमच्या पत्रातलं थोडक्यात सांगतो. तुम्ही शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर, वय ५१, पगार हातात ६२ हजार. मुलगी २२ वर्षांची, २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळते, पॉइंट टू टूचं (.२२ बोअरचं) सेमी-ऑटोमॅटिक, लायसन्स तिच्या नावावर. आता त्या पिस्तुलाची कंपनीची बॅरल आणि ट्रिगर युनिट काढून दुसरं बसवायचं, ग्रिपही नवीन घ्यायची, खर्च दीड लाख. पैसे पॉलिसीवर लोन काढून उभे करायचे. काढू का, एवढंच विचारलंय तुम्ही.

नका काढू. आणि त्या दीड लाखापेक्षा मोठा घोळ पॉलिसीत आहे.

पार्टचं आधी उरकतो. तुम्हीच स्कोअर दिलाय, प्रिसिजनला (सावकाश नेम धरून मारायचा टप्पा) ३०० पैकी २८० आणि रॅपिडला (झटपट मारायचा टप्पा) २६४. प्रिसिजनच्या टार्गेटचा दहा पॉइंटांचा गोल ५० मिलिमीटरचा असतो, रॅपिडला तोच १०० मिलिमीटर, म्हणजे दुप्पट. छोट्या गोलावर पोरगी २८० मारतेय आणि मोठ्या गोलावर १६ पॉइंट जास्त घालवतेय, मग चूक बॅरलची कशी असेल? रॅपिडला हात ४५ अंशावर खाली ठेवून ३ सेकंदांत वर आणून एक गोळी मारायची असते, ते सरावाचं काम आहे. नवीन ट्रिगर हलका लागेल असं दुकानदार म्हणाला, पण या इव्हेंटला ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा लागतो, त्याच्या खाली गेला तर तपासणीतच अडकेल, आणि टार्गेट पिस्तुलाचा कंपनीचा ट्रिगर तसाही अ‍ॅडजस्ट होतो. पॉइंट टू टूची शिशाची गोळी बॅरल फार हळू झिजवते. तरी शंका असेल तर कोचला सांगून पिस्तूल टेकूवर ठेवून २५ मीटरवर ग्रुप काढून बघा, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात ते. दोनदा जॅम झालं म्हणता, तर स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा पार्ट), मॅगझिन आणि गोळ्यांचा लॉट तपासा, यात फार पैसे जात नाहीत. ग्रिप मात्र घ्या, तिच्या हाताच्या मापाची, ती पहिल्या गोळीपासून उपयोगी पडते. आणि पिस्तुलाचे पार्टसुद्धा शस्त्र कायद्यात शस्त्रच धरतात, त्यामुळे पुढेमागे कधी बॅरल बदललीच तर लायसन्सवाल्या डीलरकडूनच, बिलासकट.

गोळी २२ रुपयांना पडते म्हणता, तर दीड लाखात साधारण ६,८०० गोळ्या येतात. आठवड्याला १५० मारते ना ती? मग जवळजवळ वर्षाचा सराव झाला. रॅपिडचे पॉइंट तिथून येतील.

आता पॉलिसी. एफडी मोडायला बँकेत गेलात आणि तिथल्या आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने) 'मुलीच्या खेळासाठी' म्हणून गळ्यात मारली. वर्षाला १ लाख २० हजार, १२ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ३० लाख. हिशोब केला तर परतावा जेमतेम ५ टक्के. तेच पैसे पीपीएफच्या ७.१ ने वाढले असते तर ४० लाखांच्या आसपास झाले असते. बरं, ते ३० लाख मिळतील तेव्हा मुलगी ३९ वर्षांची असेल, खेळासाठी म्हणून घेतलेले पैसे तेव्हा तिला काय कामाचे? शिवाय तुम्ही ५८ ला रिटायर होणार आणि हप्ता ५९ पर्यंत आहे, हे विकताना कुणी सांगितलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे विमा मुलीच्या आयुष्यावर काढलाय. कमावणारे तुम्ही एकटे, तुमच्या जीवाला एक रुपयाचं कव्हर नाही, हप्ता माफीचा रायडर (तुम्ही गेलात तर पुढचे हप्ते माफ करणारी जोड) नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर घरात पगारही नाही आणि हप्ता भरणाराही नाही. हे वाचून मला खरंच राग आला, कारण सही घेणाऱ्याला हे माहीत असतं.

आणि त्याच पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी लोन? पाच टक्के कमावणारे स्वतःचेच पैसे साडेनऊ टक्क्यांनी परत घ्यायचे.

तीन हप्ते गेलेत, ३ लाख ६० हजार. शाखेने सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आत्ताच बंद केली तर मिळणारी रक्कम, १ लाख ९० हजार सांगितली, ती लेखी घ्या, पेड-अपचा (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी किती मिळतील त्याचा) आकडाही लेखी मागा. १ लाख ७० हजारांचं नुकसान बघून पोटात गोळा येईल, पण ते पैसे गेलेत, पुढचं बघा. मिळालेले १.९ लाख आणि पुढचे ९ हप्ते ७ टक्क्यांच्या आसपास कुठेही ठेवले तरी त्याच तारखेला ३३ लाखांच्या जवळ जातात, पॉलिसी चालू ठेवली तर ३०. फरक मोठा नाही हे मान्य, पण वर्षाचे १ लाख २० हजार तुमच्या हातात राहतात, खरा फायदा तो आहे. त्यातून आधी स्वतःच्या नावावर साठीपर्यंतची ५० लाखांची साधी टर्म पॉलिसी (फक्त जीवाचं कव्हर, शेवटी पैसे परत नाहीत) घ्या, तुमच्या वयाला वर्षाला २५-३० हजार धरून चाला, बीपी-शुगर असेल तर वाढेल, पण फॉर्मवर लपवू नका. मग ग्रिप आणि गोळ्या, उरलेले पीपीएफला. आणि ते १.९ लाख एफडीत घरच्या अडीअडचणीसाठी, कारण पत्रात इमर्जन्सीची रक्कम कुठेच दिसली नाही.

मेडल आलं की स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी, मग लोन आपोआप फिटेल, असं तुम्ही लिहिलंय. राही सरनोबत तुमच्याच कोल्हापूरची, २०१८ च्या एशियाडला याच इव्हेंटचं सुवर्ण तिने आणलं, त्यामुळे तुमची आशा मला कळते. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हेही खरं. पण न आलेल्या मेडलवर हप्ता बांधायचा नाही, आणि ते ओझं पोरीच्या डोक्यावर घेऊन तिला रेंजवर उभं करायचं नाही.

पुढच्या हप्त्याची तारीख तुम्ही लिहिली नाही, आज बघून ठेवा. टर्मचा अर्ज आधी करा, ती हातात आली की मग सरेंडरचा फॉर्म. आरएमचा फोन येईल, अजून दोन हप्ते भरा मग जास्त मिळेल म्हणेल, तर तोही आकडा लेखी द्या म्हणा आणि मला पाठवा.