आत्याची स्कूटर बोटीवर चढेल का?

धक्क्यावरची विचारपूस : वाचकांचे प्रश्न, बोटीवर नोकरी करून आता रत्नागिरीत स्थिरावलेल्या एका हाउसकीपिंगवाल्याची उत्तरं

प्रश्न : आमची आत्या ७३ वर्षांची आहे. गुडघे गेलेत आणि अर्धांगाच्या हलक्या झटक्यानंतर डावा पाय ओढते. चुलतभावाने तिला बॅटरीवर चालणारी चारचाकी स्कूटर घेऊन दिली, तेव्हापासून बाजारात आणि व्याडेश्वराला ती एकटी जाऊन येते. आता आम्ही सगळी भावंडं दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून क्रूझने जायचं म्हणतोय, गोवा करून लक्षद्वीप. आत्या तयार आहे. पण स्कूटर बोटीवर घेतात का, ठेवायची कुठे, उतरायचं कसं, हे बुकिंगवाला नीट सांगत नाही. “मॅडम, सगळी सोय आहे,” एवढंच म्हणतो. काय करावं? (एक भाची, गुहागर)

उत्तर : “सगळी सोय आहे” म्हणणारा माणूस बहुधा बोटीवर चढलेला नसतो. त्याच्यावर रागावू नका, त्याला फक्त आकडे विचारा आणि ते ईमेलवर मागा.

स्कूटर घेतात. बोटीच्या आत ती छान फिरते. गालिचे घातलेले सरळ पॅसेज, लिफ्ट, लांबलचक डेक. गुहागरच्या बाजारपेठेपेक्षा सोपं काम. अडतं ते उंबऱ्यांवर. धक्क्यावरून बोटीत, पॅसेजमधून केबिनमध्ये, केबिनमधून बाथरूममध्ये, आणि मोठ्या बोटीतून छोट्या बोटीत. तेव्हा बुकिंगच्या आधी घरात टेप शोधा आणि स्कूटर मोजा. रुंदी आरशांसकट, लांबी, वजन, आणि जमिनीपासून तिचं पोट किती वर आहे तेही. छोट्या स्कूटरचं पोट जमिनीला फार जवळ असतं. पट्टी चढताना पुढची चाकं वर जातात, पोट टेकतं आणि मागची चाकं नुसती फिरत राहतात.

आता दारं. साध्या केबिनचं दार बऱ्याच बोटींवर साठेक सेंटीमीटरचंच असतं. स्कूटर तेवढीच रुंद असते, किंवा त्याहून जास्त. समजा घुसली, तरी आत वळवायला जागा नाही. व्हीलचेअरसाठी केलेल्या केबिनचं दार ८० सेंटीमीटरच्या आसपास असतं, आत वळायला जागा असते आणि बाथरूमला उंबरा नसतो. साध्या केबिनच्या बाथरूमला चांगला वीतभर उंबरा असू शकतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. डावा पाय ओढणाऱ्या बाईला रात्री दोन वाजता, बोट हलत असताना, तो ओलांडायला लावू नका. व्हीलचेअरच्या केबिन मोजक्याच असतात आणि लवकर जातात. म्हणून आधी ती केबिन, मग तारखा. लोक उलट करतात. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाणारी ‘कॉर्डेलिया’ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही १९९० साली बांधलेली बोट. नव्या बोटीचे फोटो बघून तिच्या दारांचा अंदाज बांधू नका, तिची स्वतःची मापं मागवा.

स्कूटर पॅसेजमध्ये ठेवू देतील का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. नाही. आग लागली, धूर झाला, तर त्याच पॅसेजमधून अख्ख्या मजल्याची माणसं बाहेर पडायची असतात. रात्रीच्या फेरीत पॅसेजमध्ये स्कूटर दिसली की आम्ही दार ठोठावायचो. झोपमोड झालेला पाहुणा चिडायचा, आणि त्याचं चिडणं बरोबरच असायचं, कारण दारातून ती आत जात नाही हे त्याला कुणी आधी सांगितलेलंच नसायचं. चार्जिंगही केबिनमध्येच. चार्जरवर ‘इनपुट १००–२४०’ असं छापलंय का बघा, तसं असेल तर बोटीवरची वीज चालते. आपला गोल तीन पिनांचा प्लग तिथे बसेलच असं नाही, ॲडॉप्टर न्या. घरची एक्सटेन्शन बोर्डाची वायर मात्र नेऊ नका. बऱ्याच कंपन्या ती चढतानाच काढून घेतात. वायर कमी पडली तर केबिन बघणाऱ्या पोऱ्याला सांगा.

बॅटरी कुठल्या जातीची आहे तेही आधी लिहून कळवायचं. जेलची, सीलबंद लेड-ॲसिड किंवा लिथियम चालते. आत ॲसिड डुचमळणारी जुनी बॅटरी कुणी घेत नाही. परतीला विमान असेल तर हिशोब वेगळा : व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८ वॉट-अवर. काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीला विमानात ३०० वॉट-अवरची मर्यादा असते, म्हणजे ही बसली. विमान कंपनीला तरी आधी कळवावंच लागतं.

आता लक्षद्वीप. इथे मी तुमचा थोडा विरस करणार आहे. अगत्तीला मोठी बोट धक्क्याला लागत नाही. लगून, म्हणजे बेटाभोवतीचं प्रवाळाच्या आतलं पाणी, उथळ, त्यामुळे ती बाहेर नांगरते आणि माणसं छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जातात. मोठ्या बोटीच्या कुशीतलं दार उघडतात, खाली छोटी बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते, आणि ती वर आली की खलाशी दंड धरून म्हणतो, “आता!” त्या क्षणी पाऊल टाकावं लागतं. स्कूटर अशा बोटीत जात नाही असंच धरून चला. माणूस जाईल की नाही, हे त्या दिवशीचा समुद्र ठरवतो आणि समुद्र बघून कप्तान. तिथे “आम्ही चौघं उचलू की” म्हणून हुज्जत घालू नका. पूर्वी हर्णै, मालवणला आगबोट बाहेर उभी राहायची आणि म्हाताऱ्या माणसांना पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, उचलून चढवायचे, त्या गोष्टी आपण कौतुकाने ऐकतो. ज्यांना उचलायचे त्यांना काय वाटायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

म्हणून आधी आत्याला विचारा : धरून का होईना, तुला सलग किती पावलं टाकता येतात? दहा-बारा टाकता येत असतील तर बरेच रस्ते मोकळे होतात. येत नसतील तर लक्षद्वीप सोडा, मुंबई–गोवा–मुंबई करा. मुरगावला बोट बंदरात धक्क्याला लागते, गँगवे (बोटीतून धक्क्यावर उतरायची फळी) लावतात, स्कूटर खाली येते. पुढे गोव्यात फिरायला टॅक्सी लागेल, तेव्हा स्कूटर सुटी होऊन डिकीत मावते का हे घरीच करून बघा. सुट्या भागांतला सगळ्यात जड भाग कोण उचलणार, त्याचं नावही आत्ताच ठरवा. बहुतेक घरांत सगळे बघत उभे राहतात आणि एकाची कंबर जाते.

तरीही लक्षद्वीपच करायचं असेल, तर अगत्तीला आत्या बोटीवरच थांबेल हे धरून चला आणि तिला ते आधी सांगा. तिच्याबरोबर एक जण थांबेल. माझा अनुभव असा की त्या दिवशी बोट रिकामी असते, लिफ्टला रांग नसते, आणि थांबलेली मंडळी खूश असतात. नाराज होतात ती आयत्या वेळी कळलं म्हणून.

दिवाळीची सुट्टी नको, असं माझं मत. सगळा महाराष्ट्र बोटीवर असतो. जेवणाच्या वेळी लिफ्ट भरून येते, बसलेल्या माणसाला कुणी आत घेत नाही, आणि पोरं पॅसेजमध्ये धावत असतात. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्राचा भरवसा नाही. फयान चक्रीवादळ नोव्हेंबरातच आलं होतं, २००९ साली. गुहागरकरांना मी ते सांगायला नको. जानेवारीत, शाळा चालू असताना, मधल्या वारी निघणारी फेरी बघा. केबिन खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर आणि लिफ्टजवळ मागा. तिथे बोट सगळ्यात कमी हलते. बोट हलत असताना स्कूटर उभी केली की चावी काढायची, नाहीतर कुणाचा तरी नातू तिच्यावर बसून लिव्हर दाबतो.

निघण्याआधी सुरक्षेची कवायत होते. २०१२ साली इटलीजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ बुडाली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. नंतर नियम बदलला. २०१५पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटता सुटता घ्यावीच लागते. आत्याला केबिनमध्ये झोपवून तुम्ही जाऊ नका, तिला घेऊन जा. खऱ्या संकटात लिफ्ट वापरायची नसते, म्हणजे तिला जिन्यावरून न्यायला माणसं लागणार. ती कुठल्या केबिनमध्ये आहे हे चढल्या चढल्या रिसेप्शनवर नोंदवून घ्या. त्यांच्याकडे तशी यादी असते, पण नाव कुणी दिलं तरच त्यात येतं.

शेवटी एक घरगुती परीक्षा. गाडीच्या डिकीत स्कूटर टाका, धोपाव्याला जा आणि आत्याला स्कूटरवरूनच दाभोळच्या फेरीबोटीत चढवा. जेट्टीचा उतार, फेरीबोटीची लोखंडी फळी, तिची कड, मधली फट, सगळं तिथे मिळेल. पोट घासतं का, उतारावर ब्रेक धरतो का, आत्या घाबरते का (आणि तुम्ही किती घाबरता), ते कळेल. पूर्ण भरतीच्या सुमारास जा. ओहोटीला फेरीबोट खाली लागते, उतार लांबतो, आणि खालच्या भागावर चिखल-शेवाळ असतं. वेळ काढायला मोबाइल नको : तिथीची पाऊणपट. द्वादशी असेल तर नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पूर्ण भरती. मुंबईच्या गँगवेलाही हेच लागू. तिथे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडू शकतो, त्यामुळे सकाळी सपाट वाटलेला गँगवे दुपारी चांगलाच उभा झालेला असतो. तो चढताना आत्याने स्कूटरवरून उतरावं, खलाशाने स्कूटर न्यावी, आणि तिने कठडा धरून किंवा बोटीच्या व्हीलचेअरवर जावं. खलाशांना याची सवय असते. फक्त स्कूटर ‘न्यूट्रल’ला कशी टाकायची ते त्यांना दाखवा, नाहीतर चौघं मिळून ब्रेक लागलेली गाडी ढकलत बसतात.

प्रश्न : वडिलांना स्कूटरसकट अलिबागला न्यायचंय. गेटवेहून जावं की भाऊच्या धक्क्याहून? (ठाणे)

उत्तर : भाऊचा धक्का, दुसरा विचार नको. गेटवेला दगडी पायऱ्या उतराव्या लागतात आणि हलत्या लाँचमध्ये पाय टाकावा लागतो, कधी एका लाँचमधून दुसरीत. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, २०२०पासून चालू आहे. गाडी थेट बोटीच्या पोटात जाते, तासाभरात पलीकडे. गाडीच्या मजल्यावरून वर बसायच्या जागी कसं नेतात हे तिकीट काढतानाच विचारा, आणि गाडी आत लावताना वडिलांच्या बाजूचं दार पूर्ण उघडेल एवढी जागा सोडायला सांगा. तिथली माणसं गाड्या अगदी खेटून लावून घेतात.

प्रश्न : मी स्वतः स्कूटर वापरतो, वय ६८. मुलं क्रूझला नेतायत, पण म्हणतात, “बाबा, स्कूटर राहू दे, व्हीलचेअर घेऊ, आम्ही ढकलू.” मला ढकलून घ्यायचं नाही. मी हट्टी आहे का? (मालवण)

उत्तर : हट्टी असाल, पण या बाबतीत बरोबर आहात. ढकलणारा माणूस ठरवतो कुठे थांबायचं, कुणाशी बोलायचं, आणि चहा कधी प्यायचा. पहिल्या दिवशी मुलं हौसेने ढकलतील. तिसऱ्या दिवशी तुम्हाला डेकवर उन्हात लावून पोहायला जातील. हे मी फार पाहिलंय. दुपारच्या वेळी डेकवर अशी एकटी बसवून ठेवलेली माणसं आम्हीच सावलीत न्यायचो.

मुलांचंही थोडं ऐका. घडीची साधी व्हीलचेअर बरोबर असू द्या. धक्क्यावर, गँगवेवर, किंवा बॅटरीने दगा दिला तर कामाला येईल. बोटीवरची व्हीलचेअर चढण्या-उतरण्यापुरती मिळते, दिवसभर वापरायला नाही. बाकी वेळ स्कूटर. सिंधुदुर्ग किल्ल्याला काही ती जायची नाही हे तुम्ही मालवणात राहून जाणताच, पण बोटीवर तुम्ही मुलांच्या आधी नाश्त्याला पोचाल.

खुल्या डेकवर फिरून आलात की रात्री ओल्या फडक्याने स्कूटर पुसून घ्या, खारं पाणी जोडांत आणि चार्जिंगच्या भोकात बसतं. आणि चार्जर तुमच्या हातातल्या पिशवीत ठेवा. मुलांच्या बॅगा चढताना वेगळ्या जातात आणि केबिनमध्ये यायला कधी संध्याकाळ होते.