जपानी प्रेसिंगला जास्त पैसे का मोजायचे?

तुम्ही विचारलंय की तोच अल्बम अमेरिकन प्रेसिंगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कारखान्यात छापलेल्या ग्रामोफोन रेकॉर्डवर, स्वस्तात मिळत असताना जपानीला दुप्पट पैसे कशाला, आवाज खरंच एवढा भारी असतो का. मी काही वर्षं टोकियोत निशीकासाईला होतो, पगाराचा बराच भाग याच नादात उडवलाय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आवाज शांत असतो, भारी असेलच असं नाही. दोन सुरांच्या मधे जी चरचर येते ना, ती जपानी रेकॉर्डवर फार कमी. सत्तरच्या दशकात जेव्हीसी या जपानी कंपनीने सीडी-4 म्हणून चार चॅनलची (चार स्पीकरसाठीची) रेकॉर्ड काढली, तिच्यात 30 किलोहर्ट्झचा, म्हणजे कानाला ऐकू न येणारा, कॅरियर सिग्नल कोरलेला असायचा, साध्या व्हिनाइलवर (रेकॉर्डच्या प्लॅस्टिकवर) तो सुईने लवकर झिजायचा, म्हणून त्यांनी जास्त टिकाऊ व्हिनाइल बनवलं. चार चॅनलचं फॅड गेलं, पण चांगलं व्हिनाइल बनवण्याचं ते काम वाया गेलं नाही, साध्या रेकॉर्डलाही कामी आलं. तोशिबाची धूळ न धरणारी एव्हरक्लीन रेकॉर्ड तर लाल रंगाची, उजेडासमोर धरली की कोकम सरबत.

आता गोची. अल्बम मूळचा अमेरिकन किंवा इंग्लिश असेल तर जपानला बहुतेक वेळा मास्टर टेपची, म्हणजे ज्यावरून रेकॉर्ड बनते त्या मूळ टेपची, कॉपी जायची. त्यामुळे पहिल्या अमेरिकन प्रेसिंगचा जोर जपानीत असेलच असं नाही, काहींचा ट्रेबल (वरच्या पट्टीचा आवाज) मला टोचतो. तरी ब्लू नोट या अमेरिकन लेबलचं जॅझ आवडत असेल तर जपानच्या किंग रेकॉर्ड्सने 1977 पासून काढलेल्या प्रती बघा, मूळ प्रतींच्या किमती ऐकून घाम फुटतो त्यापुढे या परवडतात. आणि थ्री ब्लाइंड माइस हे 1970 मध्ये सुरू झालेलं जपानी जॅझ लेबल, तिथे जपानी प्रत हीच मूळ, वादच नाही.

खरं वेड लावते ती ओबी. कव्हरच्या डाव्या कडेला गुंडाळलेली कागदी पट्टी, किमोनोच्या कमरपट्ट्यावरून नाव पडलं. तिच्यावर जपानीत नाव, किंमत, कॅटलॉग नंबर. बऱ्याच लोकांनी तेव्हा फेकून दिल्या म्हणून आता भाव आलाय. माझी एक घाईत प्लॅस्टिकमधून ओढताना टर्रकन फाटली, दोन दिवस जेवण गेलं नाही. टोकियोत ओचानोमिझूला डिस्क युनियन या रेकॉर्डच्या दुकानात तर केसाएवढा ओरखडाही चिठ्ठीवर लिहिलेला बघितलाय, त्यामुळे जपानी दुकानदाराने जुन्या रेकॉर्डच्या अवस्थेला ‘बी’ ग्रेड लिहिलं असेल तर मी फार विचार करत नाही.

फक्त कव्हरचे आतले फोटो मागा, तिथला उन्हाळाही आपल्या कोकणासारखा दमट, पिवळे डाग पडतात. आणि पहिली घेताय तर ओबी नसलेली घ्या, बरीच स्वस्त पडते आणि वाजते तश्शीच.