इनकोनेल की हॅस्टेलॉय? आधी ॲसिड कुठलं ते सांगा

प्रश्न : सर, मी लोट्याला केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या लाइनला एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) चे पाइप आहेत, सारखी भोकं पडतात. साहेब म्हणतात इनकोनेल टाका, जेट इंजिनात चालतं म्हणजे इथे चालणारच. खरंय का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : इनकोनेल आणि हॅस्टेलॉय ही दोन्ही निकेलच्या मिश्रधातूंची (अलॉय) नावं. साहेबांचा उत्साह समजतो, पण उष्णता सोसणं वेगळं आणि ॲसिड सोसणं वेगळं. जेट इंजिनात जे इनकोनेल ७१८ असतं ते साधारण ६५० डिग्रीपर्यंत ताकद सोडत नाही, त्यातल्या नायोबियममुळे आत बारीक कण तयार होतात आणि तेच धातूला धरून ठेवतात. गंमत म्हणजे ते स्टेनलेसच्या आधी वितळतं, म्हणजे वितळण्याचा आणि या ताकदीचा फारसा संबंधच नाही!

तुमच्याकडे प्रॉब्लेम ॲसिडमधल्या क्लोराइडचा आहे. स्टेनलेसवरचा क्रोमियमचा पातळ थर ते फोडतं आणि मग भोकं. तिथे मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेला लागतो. ३१६ मध्ये ते जेमतेम २-३ टक्के, हॅस्टेलॉय सी-२७६ मध्ये १५ ते १७. इनकोनेल ६०० मध्ये तर नसतंच, त्यामुळे भट्टीत झकास पण तुमच्या लाइनला नको. हॅस्टेलॉय बी-३ मध्ये २८ च्या आसपास असतं म्हणून लगेच ते मागवू नका हं, शुद्ध ॲसिडला ते भारी, पण ॲसिडमध्ये लोखंडाचा गंज विरघळलेला असेल, म्हणजे फेरिक, तर ते ॲसिड बी-३ ला भराभर खातं, आणि कंपन्यांमधलं ॲसिड पिवळट दिसतं ना, ते बहुतेक त्या लोखंडामुळेच. अशा ठिकाणी सी-२७६ बरं, पण ॲसिड गरम आणि स्ट्राँग असेल तर तेही टिकणार नाही. खरं सांगू, तापमान कमी असेल तर आतून पीटीएफईचं (टेफ्लॉन) लायनिंग केलेला साधा स्टीलचा पाइप बघा, खर्च बराच वाचेल.

प्रश्न : निकेल अलॉय आहे की स्टेनलेस, हे चुंबक लावून कळतं का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : नाही. ३०४ स्टेनलेसलाही चुंबक चिकटत नाही आणि इनकोनेल ६२५ लाही नाही. पीएमआय गनने (धातूत काय काय आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र) चेक करून घ्या, काही सेकंदांत कळतं. आणि वेल्डिंगच्या आधी कटिंग ऑइल, मार्करची शाई सगळं पुसून काढा, त्यातलं सल्फर गरम निकेलमध्ये शिरलं की जॉइंटला क्रॅक जातो, मग मटेरियल कितीही ओरिजिनल असो.