नव्या मध्यस्थासाठी: काय वाचायचं, वहीत काय लिहायचं

तंत्रांच्या पुस्तकांआधी मध्यस्थी कायदा, २०२३ मुळातून वाचा. कलम १८ मधली मध्यस्थी पूर्ण करायची १२० दिवसांची मुदत (संमतीने आणखी ६०) आणि पहिल्या अनुसूचीतले मध्यस्थीला न चालणारे वाद एकदा नीट पाहिले की पुरे. कलम २२ मात्र पुन्हा पुन्हा वाचा. बैठकीतले प्रस्ताव, कबुल्या, अगदी मागितलेली माफीसुद्धा गोपनीय असते. म्हणून बैठकीनंतर स्वतःसाठी लिहायच्या वहीत नावं, गाव, रकमा नकोत. ‘थोरला’, ‘धाकटी’ एवढ्यावर भागतं.

वही त्याच दिवशी लिहा, वीसेक मिनिटं. उद्यावर टाकलं की आठवण स्वतःच्या सोयीची होते. सगळी बैठक उतरवू नका. बोलणं अडलं तो एकच क्षण घ्या आणि तुमचा प्रश्न शब्दशः लिहा: ‘तुम्ही हिस्सा का दिला नाही?’ त्याखाली त्याऐवजी विचारता आला असता असा दुसरा: ‘हिस्सा द्यायचा राहिला तेव्हा घरात काय चाललं होतं?’ ‘का’ ऐकलं की माणूस सफाई देऊ लागतो, ‘काय’ विचारलं की सांगू लागतो. नवख्यांची वही बहुतेकदा पक्षकारांच्या स्वभावानेच भरते. तिथे तुमचं वाक्य, तुमची घाई, तुम्ही कोणाकडे जास्त पाहिलंत, हे हवं. महिन्यातून एकदा त्यातली दोन पानं अनुभवी मध्यस्थासमोर वाचा.