पाळलेल्या पोपटाला बाहेर मोकळं सोडलं तर शेजाऱ्यांकडून काय धोका असतो?

कोणी पोरगं दगड मारेल, बेचकीने नेम धरेल अशी भीती तुम्ही प्रश्नात लिहिलीये. तुमच्या सन कन्युअरला (पिवळ्या-केशरी परदेशी पोपटाला) त्या पोरांपेक्षा प्रेमळ माणसाची भीती जास्त आहे, माझ्यावर बेतलंय म्हणून सांगते.

आमचा बंड्या कॉकाटील, म्हणजे तुरेवाला छोटा परदेशी पोपट, राखाडी अंग, गालावर केशरी टिकली. आम्ही मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहतो. वर्षभर शिट्टीवर यायची सवय लावली, आधी हॉल ते बेडरूम, मग पॅसेज, मग गच्ची, आणि नंतरच रोज संध्याकाळी सोडायला लागले. सूर्यफुलाच्या बिया फक्त तेव्हाच मिळायच्या, त्यामुळे समोरच्या आंब्यावरून एक चक्कर मारून शिट्टी वाजली की खांद्यावर हजर. एके दिवशी आलाच नाही. घारीने नेला असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं. मी दोन दिवस प्रत्येक विंगखाली उभी राहून शिट्टी वाजवत फिरले, लोक बघत होते, बघू देत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं. आमचे ठरलेले तीन सूर, शेवटचा जरा चढा, तो तसाच लावायचा.

दार तिथल्या काकांनी उघडलं. बंड्या कांद्याच्या टोपलीखाली, वर वरवंटा ठेवलेला. खिडकीतून आत शिरला तेव्हा काकांनीच धावत जाऊन पंखा बंद केला, हे मी नाकारत नाही. पण पुन्हा उडाला तर कावळे फाडतील म्हणून त्यांनी शिवणाच्या कात्रीने दोन्ही पंख कातरले होते. त्यातली दोन पिसं नवीन फुटत होती, अशा कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असतं, कापलं की वाहत राहतं. वर हळद दाबलेली. काका म्हणतात, आपणहून आला, पायात रिंग नाही काही नाही, नातीला लळा लागलाय. मी तिथे जे बोलले ते बोलले आणि टॅक्सीने थेट परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचं हॉस्पिटल, गाठलं.

तर सोडण्याआधी पक्ष्याचा फोटो आणि तुमचा नंबर आजूबाजूच्या बिल्डिंगमध्येही पोचवा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकून भागत नाही, पलीकडची बिल्डिंग त्या ग्रुपवर नसते. वॉचमनला दाखवा, इस्त्रीवाल्याला दाखवा. घरात शिरला तर पंखा बंद, गॅस बंद, खिडकी लावा आणि फोन करा, कात्री लावू नका, एवढंच सांगायचं. नॉनस्टिकचा रिकामा तवा फार तापला तर त्याच्या धुराने पोपट काही मिनिटांत मरतो, हेही कोणाला माहीत नसतं. पायात नंबरची रिंग हवीच, आणि सन कन्युअरची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी, नाहीतर पक्षी तुमचाच हे कशावरून?

आणि हो, डिसेंबर-जानेवारीत अजिबात सोडू नका, पतंगाच्या नायलॉन मांजावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी असली तरी झाडांवर तो लटकत असतोच. हे सगळं परदेशी पक्ष्यांचं झालं. आपला हिरवा कंठवाला पोपट असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो घरात ठेवताच येत नाही.

माझा भाऊ अजून म्हणतो की काकांनी बरोबर केलं, तूच आधी पंख कापायला हवे होतेस, काय बिघडतं, परत येतात. येतात, पण कापलेलं पीस गळून पडेपर्यंत त्या जागी नवीन येत नाही. बंड्याला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत रोज सहा वाजले की तो सोफ्यावरून सोफ्याच्या पाठीवर, तिथून खिडकीच्या कट्ट्यावर चढायचा, आंब्याकडे बघून पंख पसरायचा आणि धपकन लादीवर पडायचा. छातीची कातडी फाटली होती त्याची. मी खाली गोधडी अंथरून ठेवायचे.